औपचारिक स्पेसिफिकेशनमध्ये अ‍ॅस्पेक्ट कशासाठी?

आधी_सिद्धता:
'परवानगी, नोंदी, पुन्हा प्रयत्न हे सारे अ‍ॅस्पेक्टमध्ये लिहा, मूळ स्पेसिफिकेशनला हात लावावा लागणार नाही', असे परवाच्या लेखात ठामपणे म्हटले आहे, आणि त्यावर गप्प राहणे मला शक्य नाही. औपचारिक स्पेसिफिकेशन म्हणजे प्रणालीने काय करावे याचे गणिती भाषेतले वर्णन; अ‍ॅस्पेक्ट म्हणजे अनेक क्रियांना लागणारी गोष्ट एकदाच वेगळी लिहिलेला भाग, आणि तो त्या क्रियांमध्ये जोडणे म्हणजे विणणे. किक्झालेस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ही पद्धत प्रोग्रॅमसाठी मांडली. पुढे मूळ कोडला अ‍ॅस्पेक्टचा पत्ताच नसणे हा तिचा गुण मानला गेला. स्पेसिफिकेशन मात्र आपण सिद्धतेसाठी लिहितो. एका विनंतीला खात्यातून एकदाच पैसे वजा होतात हे मी सिद्ध केले आणि नंतर कोणी बाहेरून 'पुन्हा प्रयत्न' विणला, तर त्या सिद्धतेला काय अर्थ उरला?

विणकर:
सगळे अ‍ॅस्पेक्ट एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. संगणकशास्त्रज्ञ काट्झ यांचे वर्गीकरण आपल्याला ठाऊक असणारच: काही अ‍ॅस्पेक्ट फक्त पाहतात, काही क्रियांना आवर घालतात, काही मूळ अवस्थेतच ढवळाढवळ करतात. नोंदी ठेवणारा अ‍ॅस्पेक्ट मूळ चलांना शिवत नाही, त्यामुळे त्यांच्याविषयीची सुरक्षितता-विधाने, म्हणजे 'नको ते कधीच घडत नाही' अशी विधाने, टिकतात. आपण उदाहरण नेमके तिसऱ्या प्रकारातले निवडले. परवानगीची एकच अट चाळीस क्रियांमध्ये हाताने लिहिण्याचे काम मी केले आहे, आणि दोन ठिकाणी ती निसटली होती.

आधी_सिद्धता:
झेड या स्पेसिफिकेशन-भाषेत ती अट एक स्कीमा, म्हणजे नाव दिलेला गणिती तुकडा, म्हणून लिहून प्रत्येक क्रियेला 'आणि'ने जोडता येते. शिवाय आवर घालणारा प्रकारही निरुपद्रवी नाही: अट वाढली की क्रिया अडू शकते आणि 'विनंती केव्हातरी पूर्ण होईलच' हे विधान कोसळू शकते.

कोरी_पाटी:
खरे दुखणे पॉइंटकटचे, म्हणजे अ‍ॅस्पेक्ट कोणकोणत्या क्रियांना लागेल हे ठरवणाऱ्या नियमाचे आहे, आणि त्याविषयी तुम्ही दोघेही बोलत नाही. आमच्या गटात परवानगीचा अ‍ॅस्पेक्ट 'बदल' या शब्दाने सुरू होणाऱ्या सर्व क्रियांना लागू होता. वाचायला सोपे जावे म्हणून कोणीतरी एका क्रियेच्या नावात 'बदल'ऐवजी 'दुरुस्ती' लिहिले. त्या क्षणी तिची परवानगी गळाली, तरीही सिद्धतेची सर्व बंधने, म्हणजे सिद्ध करावीच लागणारी विधाने, पूर्ण झाली, कारण जी अट उरलीच नाही ती कोण तपासणार? सात आठवडे हे कोणाच्याही लक्षात आले नाही.

विणकर:
तो दोष नावे जुळवण्याचा आहे. पॉइंटकट परिणामावर बांधा: 'शिल्लक बदलणारी प्रत्येक क्रिया'.

कोरी_पाटी:
ज्याने ते सात आठवडे निस्तरले त्याला हा उपदेश करू नका! उद्या दुसरा अ‍ॅस्पेक्टच शिल्लक बदलू लागला, तर आधी कोणता विणायचा, हे कोण ठरवणार?

आधी_सिद्धता:
म्हणूनच 'परवानगीवाचून शिल्लक बदलत नाही' हे विधान स्वतंत्र लिहावे आणि विणून झालेल्या संपूर्ण स्पेसिफिकेशनवर तपासावे. अट गळाली, मग ती नावामुळे असो वा क्रमामुळे, तर ते तिथेच मोडेल.

विणकर:
हे कबूल करणे जड जाते, पण त्या विधानावाचून पॉइंटकटवर विसंबणे चूकच होते, आणि ती माझ्याकडूनही झाली आहे. मात्र ते विधान अट गळाल्याचे दाखवते, अट भरत नाही. चाळीस क्रियांमध्ये ती मी यापुढेही अ‍ॅस्पेक्टनेच भरणार.