घरचं कुत्रं शेतावर नेताना: जनावरांची सवय कशी लावलीत?

सोलापुरात राहणाऱ्या पुष्कळ घरांचं शेत अजून गावाकडं आहे. येळवस (वेळ अमावास्येचा शेतावरचा सण) असो की हुरडा, सगळं घर शेतावर जातं आणि हल्ली घरचं कुत्रंही बरोबर जातं. गाड्यांची त्याला सवय असते, पण करडू उडी मारून पळालं की त्याचं भान सुटतं. आमच्या लॅब्रेडोरला अक्कलकोटकडच्या शेतावर न्यायला लागलो तेव्हा एकच गोष्ट धरून ठेवली: मैत्री झालीच पाहिजे असं नाही, जनावर समोर असताना त्याला शांत बसता आलं की पुरे. गोठ्यातल्या पोत्याचा तुकडा आधी घरी आणून त्याच्या अंथरुणाजवळ ठेवला. वासाची ओळख झाली, मग जनावर दाखवलं. तुम्ही काय केलंत ते सविस्तर लिहा. कुत्रं कोणतं आणि समोरचं जनावर कोणतं हेही सांगा, कारण सगळं त्यावर ठरतं.

बार्शी तालुका. कारवान कुत्रा, उस्मानाबादी शेळ्या

ताई, कारवान नजरेनं शिकार करणारी जात. पळणारं काही दिसलं की पाय आपोआप सुटतात, त्यात त्याचा राग नसतो की खोडी नसते. म्हणून आम्ही त्याला मोकळा सोडलाच नाही. छातीचा पट्टा, त्याला लांब दोरी, आणि शेळ्या चरतात त्याच्या दोन बांध अलीकडं बसायचं. हातात कडक भाकरीचे तुकडे. शेळी बघून त्यानं माझ्याकडं मान वळवली की तुकडा.

अंतर बरोबर आहे का, हे भाकरीच सांगते. तुकडा तोंडापाशी धरूनही घेत नसेल तर आपण फार जवळ आलोय, उठून मागं सरकायचं. दुसरी खूण तोंडाची. तोंड उघडं, जीभ बाहेर, शेपूट सैल, तोवर ठीक. तोंड मिटलं, कान पुढं आले, मान खाली घालून एकटक बघायला लागला, की त्याच क्षणी हाक मारून वळवायचा. दोरी ताणली जाईपर्यंत थांबलं तर हाक त्याच्या कानात शिरत नाही.

शेळ्यांकडंही तितकंच बघावं लागतं. करडं अंगाखाली असलेली शेळी पुढचा पाय जमिनीवर आपटते, नाकातून फुस्स करते. तिनं असं केलं की त्या दिवशी तिथंच थांबायचं. तिची धास्ती गेली नाही तर ती चरणार नाही, दूध आटेल. कुत्र्याच्या हौसेपायी शेळीला त्रास देणं मला पटत नाही.

आता तो कळपाजवळ आडवा पडतो. पण कळप उधळला तर काय होईल याची खात्री मी देत नाही, दोरी अजून असते.

पंढरपूर. म्हशी

आमच्या पंढरपुरी म्हशींची शिंगं खांद्याच्याही मागं जातात. नुसती मान झटकली तरी कुत्र्याला लागतं. म्हणून तीन नियम: मागच्या पायांकडून न्यायचं नाही, धार काढताना गोठ्यात आणायचं नाही, आणि रेडकू असलेल्या म्हशीपासून लांब ठेवायचं. दावणीच्या बाहेरून, म्हशी वैरण खात असताना दाखवायचं. तोंडात कडबा असला की म्हैस निवांत असते.

सांगोल्याकडचे मेंढपाळ काका (त्यांच्या सांगण्यावरून पुतण्या लिहितोय)

आमची कुत्र्याची पिल्लं डोळे उघडल्यापासून मेंढ्यांच्या वाड्यात असतात. कोकरांत झोपतात, आगाऊपणा केला तर मेंढीची ढुशी खातात. काका म्हणतात, पिल्लूपणी शिकलं ते जन्माला पुरतं. शहरात पिल्लू आणलं असेल तर वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा काळ मोलाचा, तेव्हा उचलून का होईना जनावरं दाखवा. लसी पूर्ण झाल्या नसतील तर जमिनीवर सोडू नका.

नान्नजजवळ. माळरान

वर सगळे पाळीव जनावरांबद्दल बोलतायत, मी माळाबद्दल कळकळीनं सांगतो. इथं 1979 पासून माळढोक अभयारण्य आहे. काळवीट, लांडगा, खोकड या माळावर राहतात. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, टिटवीही तसंच. इथं कुत्र्याला सवय लावायचा प्रश्नच नाही, पट्टा हातातून सोडायचा नाही. कुत्र्यानं काळवीट नुसतं पळवलं तरी गाभण मादीचे हाल होतात, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं काळविटाला पूर्ण संरक्षण आहे. दुसरं, रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडून लांडगे-कोल्ह्यांत जातात. दोन्हींची लस दिलेली नसेल तर कुत्रं या बाजूला आणूच नका.

पशुवैद्यक, दक्षिण सोलापूर

सवयीचं सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, मी आरोग्याचं सांगतो. शेळ्या-मेंढ्यांचं कच्चं काळीज, फुप्फुस कुत्र्याला घालू नका. त्यात गाठी असतील तर कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून माणसापर्यंत येतात. शेतावर वावरणाऱ्या कुत्र्याला जंताचं औषध कधी आणि कोणतं, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कुत्र्याला गव्हाणीत, वैरणीच्या गंजीवर हगू देऊ नका, त्यातून गाभण गाईंना गर्भपाताचा एक रोग लागू शकतो. गाई-म्हशींना आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांवरचं औषध) टोचलं असेल तर त्यांचं शेण कुत्र्यानं खाऊ नये. कोली जातीच्या कुत्र्यांना तर ते जिवावर बेततं. गोठ्यातून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा.

आणि कुत्र्यानं कुणालाही दात लावला, माणूस असो की वासरू, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

मोहोळ. गावठी कुत्री, कोंबड्या

डॉक्टरसाहेब, आभार, गव्हाणीचं माहीत नव्हतं.

कोंबड्यांचं आमच्याकडं असं जमलं: कोंबड्या जाळीत, कुत्री बाहेर बांधलेली, आणि मी रोज जाळीशेजारी बसून तिचं अंग विंचरायची. पंख फडफडले की ती ताठ व्हायची. हळूहळू फडफडाटातही डोळे मिटायला लागली. मग कोंबड्या बाहेर, ती दोरीला. पिलांच्या कोंबडीला मात्र वेगळंच ठेवते, ती स्वतःच कुत्रीच्या डोळ्यांवर झेपावते. घरी कुणी नसेल तेव्हा जाळीची कडी लावूनच बाहेर पडते.