अनुभव धागा: पॉशची तक्रार कागदावर कुठे अडते?

ओसरी
पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, २०१३ चा. त्याबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलंय, पण बहुतेक ठिकाणी मजकूर 'समिती असते, तिथे तक्रार करा' इथेच संपतो. तक्रार दिल्यानंतर काय होतं आणि चौकशी कुठे घसरते, हे या धाग्यात हवं आहे. अंतर्गत समितीवर (ऑफिसातल्याच तक्रार समितीवर) बसणाऱ्यांनी, एचआरवाल्यांनी, युनियनच्या लोकांनी, वकिलांनी आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीवरच्यांनी लिहावं.

एक अट. तक्रारदार, प्रतिवादी, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीतला मजकूर उघड करायला कलम १६ ची मनाई आहे. तेव्हा किस्से नकोत, नाव वगळूनही नकोत. छोट्या ऑफिसात तपशिलावरून माणूस लगेच ओळखू येतो. पद्धत सांगा.

पाणपोई
समित्यांवर बाह्य सदस्य (कंपनीबाहेरची सदस्य) म्हणून हे काम करते. मुदतीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त प्रकरणं तिथेच मरतात.

घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. समितीला आणखी ३ महिने वाढवून देता येतात, पण उशिराचं कारण समाधानकारक वाटलं आणि ते लेखी नोंदवलं तरच. 'घेऊ हो, बाईंची तब्येत बरी नव्हती' असं तोंडी ठरवून तक्रार दाखल करून घेतली, तर पुढे कोर्टात प्रतिवादीचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. म्हणून तक्रारीसोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज द्यावा आणि समितीने त्यावर वेगळा ठराव करावा.

सहा महिन्यांपलीकडे समितीचे हात बांधलेले आहेत. इथे एक सापळा आहे. छळ थांबल्यावर काही महिन्यांनी बदली झाली किंवा पद काढून घेतलं, तर ती 'शेवटची घटना' धरता येईल असं अनेकींना वाटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात नंतरची पदावरची कारवाई हा स्वतंत्र प्रशासकीय निर्णय मानला आणि तक्रार मुदतबाह्य ठरवली. म्हणजे बदलीचा छळाशी संबंध जोडायचा असेल तर तो तक्रारीत तारखांसह दाखवावा लागतो. नुसतं 'सूडबुद्धीने' लिहून भागत नाही.

आता तक्रारीचा मजकूर. एका घटनेला एक परिच्छेद: तारीख, अंदाजे वेळ, जागा, तिथे कोण होतं, नेमकं काय केलं किंवा बोललं. 'अश्लील बोलले' असं लिहू नका. जे शब्द वापरले तेच, ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत लिहा. लाज वाटते हे खरं, पण 'अश्लील' हा निष्कर्ष आहे आणि निष्कर्ष काढणं समितीचं काम. त्यानंतर कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. नियम ७ प्रमाणे सहा प्रती द्यायच्या. सातवी स्वतःची, तिच्यावर तारखेसह पोच घ्या. ईमेलने दिली असेल तर पीठासीन अधिकाऱ्याच्या (समितीच्या प्रमुखाच्या) पत्त्यावर द्या, साहेबांच्या नाही.

मधुमालती
एचआरला तोंडी सांगितलं तर ती तक्रार धरतात का?

पाणपोई
नाही. मुदतीच्या हिशेबात तोंडी सांगण्याला किंमत नाही. पण जिला लिहिणं शक्य नाही तिला तक्रार लिहून देण्यासाठी सर्व वाजवी मदत करणं पीठासीन अधिकाऱ्यावर किंवा सदस्यावर बंधनकारक आहे. 'लिहून आणा, मग बघू' हे उत्तरच बेकायदा.

कुंपण
एचआरच्या बाजूने. समितीची रचना चुकली की पुढचं सगळं पाण्यात. तपासायचं ते एवढं:

समिती नेमल्याचा लेखी आदेश आहे का? १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर तो लागतोच. कार्यालयं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती. पुण्याच्या मुख्यालयातली एकच समिती नाशिक आणि नागपूरला पुरते असं समजणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत. पीठासीन अधिकारी वरिष्ठ पदावरची महिलाच हवी, आणि त्या ठिकाणी तशी कोणी नसेल तर दुसऱ्या कार्यालयातून आणता येते. किमान दोन कर्मचारी सदस्य, एक बाह्य सदस्य, एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. ही मुदत संपल्याचं तक्रार आल्यावरच कळतं, मग घाईघाईने मागच्या तारखेचा आदेश टाइप होतो. तो प्रकार ईमेलच्या नोंदींवरून उघडा पडतो, करू नका.

बाह्य सदस्य म्हणून कंपनीच्याच कामगार खटल्यांचा वकील घेतात. कायद्यात 'स्वयंसेवी संस्थेतील किंवा या विषयाची जाण असलेली व्यक्ती' असं आहे, त्यामुळे वकील चालतो. पण जो एरवी कंपनीकडून फी घेतो तो तटस्थ कसा, हा प्रश्न दोन्ही पक्ष विचारू शकतात. (नियमात बाह्य सदस्याचा भत्ता दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च आहे. या पैशात कोण येतं हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

समिती नसेल तर दंड ५०,००० रुपये. दुसऱ्यांदा दुप्पट, शिवाय परवाना रद्द होऊ शकतो. मालकाला भीती मात्र दुसऱ्याच गोष्टीची वाटते: १४ जुलै २०२५ पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांच्या वर रखडल्या हे आकडे द्यावे लागतात. तुमची तक्रार रखडली असेल तर स्मरणपत्रात या तरतुदीचा उल्लेख करा, फाइल हलते.

तिसरी पाळी
एमआयडीसीत युनियनचं काम. इथे नेहमीचा घोळ म्हणजे बाई ठेकेदाराची, छळणारा कंपनीचा, आणि दोघांचे एचआर एकमेकांकडे बोट दाखवतात.

कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत रोजंदारी, हंगामी, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, अप्रेंटिस सगळ्या येतात, मूळ मालकाला माहीत असो वा नसो. पीडित महिला तिथे नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. 'कामाचं ठिकाण' यात कामानिमित्त गेलेली जागा आणि कंपनीने दिलेली बस किंवा कॅबही येते. छळणारा दुसऱ्या आस्थापनेचा असला तरी बाईला आपल्या कार्यालयाच्या समितीकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलं. ते प्रकरण सरकारी खात्यांचं होतं, पण कलमाचा जो अर्थ लावला तो उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट अंतरिम मदत, कलम १२. चौकशी चालू असताना तिची किंवा त्याची बदली, किंवा तिला ३ महिन्यांपर्यंत रजा. ही रजा तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते. शिवाय नियम ८ प्रमाणे त्याने तिच्या कामाचा अहवाल लिहू नये असा आदेश मिळतो. पण हे सगळं ती लेखी मागेल तरच मिळतं, समिती आपणहून देत नाही. तक्रारीच्या शेवटीच मागणी टाका. रजा मंजूर झाली की आदेशात 'कलम १२ खालील रजा' असे शब्द आहेत का पाहा आणि पुढच्या महिन्याची पगारस्लिप तपासा. मस्टरवर ती बिनपगारी किंवा गैरहजेरी म्हणून लागलेली असते, आणि मग तीच गैरहजेरी ठेकेदार 'ब्रेक' द्यायला वापरतो.

बदली 'तुमच्याच सोयीसाठी' म्हणून तिच्या गळ्यात मारतात. तिने मागितली नसेल तर तसं त्याच दिवशी लेखी कळवा.

मुखत्यार
वकील आहे. चौकशीचा क्रम सांगतो.

तक्रार मिळाल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत एक प्रत प्रतिवादीला. त्याचं उत्तर, कागद आणि साक्षीदारांची यादी १० कामकाजाच्या दिवसांत. संपूर्ण चौकशी ९० दिवसांत. चौकशी संपल्यापासून १० दिवसांत अहवाल, आणि अहवालावर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची. प्रत्येक बैठकीला पीठासीन अधिकाऱ्यासह किमान तीन सदस्य हजर हवेत. बाह्य सदस्य फक्त शेवटी सहीला येतो, ही तक्रार वारंवार ऐकू येते. मिनिट्सवर हजेरी आणि सह्या त्याच दिवशी घ्या.

वकील आणता येत नाही, कोणालाच. उलटतपासणीचा हक्क मात्र प्रतिवादीला आहे. समोरासमोर न बसवता प्रश्न लेखी मागवायचे, समितीने ते साक्षीदाराला विचारायचे आणि उत्तरं नोंदवायची. समिती एखादा प्रश्न नाकारू शकते, पण नाकारण्याचं कारण मिनिट्समध्ये हवं. एखादा पक्ष सलग तीन सुनावण्यांना सबळ कारणाशिवाय आला नाही तर एकतर्फी निर्णय देता येतो किंवा चौकशी बंद करता येते, पण त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस.

आता सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. दोघेही कर्मचारी असतील तर निष्कर्षाची प्रत दोघांना देऊन त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, कलम ११(१) चं परंतुक. समित्या थेट अंतिम अहवाल मालकाला पाठवतात आणि प्रकरण परत येतं. घाईने काय होतं ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. २००९ मधली ती चौकशी समितीने एकापाठोपाठ एक बैठका लावून उरकली होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी प्रतिवादीला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा चौकशीला पाठवलं. चौदा वर्षांनी! यात तक्रारदारांनी काय मिळवलं? तेव्हा प्रतिवादीला वेळ देणं हे तक्रारदाराच्या विरुद्ध जाणं नाही, हे समितीतल्या उत्साही मंडळींनी लक्षात घ्यावं.

पुराव्याचा निकष फौजदारी नाही. 'संशयापलीकडे' लागत नाही, 'घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. साक्षीदार नाही म्हणून तक्रार फेटाळणाऱ्या समित्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावं. आणि स्पर्श झालाच पाहिजे असंही नाही; ते १९९९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

रविवारचा चहा
सगळं ठीक, पण खोट्या तक्रारींचं काय? कलम १४ बद्दल कोणीच लिहीत नाही.

मुखत्यार
लिहितो. तक्रार जाणूनबुजून खोटी किंवा कागद बनावट असतील तर कारवाई होते. पण त्याच कलमात आहे की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, आणि दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीने सिद्ध व्हावा लागतो. 'सिद्ध झाली नाही' आणि 'खोटी आहे' हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. पहिला लिहून शिक्षा दुसऱ्याची देता येत नाही.

निशिगंध
समेटाबद्दल थोडं. कलम १० खाली चौकशी सुरू होण्याआधी समेट करता येतो, पण फक्त तक्रारदाराच्या विनंतीवरून आणि पैशांच्या आधारावर मुळीच नाही. 'तीन महिन्यांचा पगार घ्या, राजीनामा द्या, तक्रार मागे घ्या' हा कागद समेट नव्हे. झालेल्या समेटाची प्रत दोघांना मिळायला हवी. त्यातली अट त्याने मोडली तर चौकशीसाठी पुन्हा समितीकडे जाता येतं. नुकसानभरपाई मात्र वेगळी: दोष सिद्ध झाल्यावर मानसिक त्रास, हुकलेली संधी, औषधोपचाराचा खर्च आणि प्रतिवादीची आर्थिक स्थिती पाहून समिती रक्कम सुचवते आणि ती त्याच्या पगारातून कापतात. म्हणून डॉक्टरांची बिलं आणि चिठ्ठ्या जपून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट देऊ नका. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा, आणि मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच दिवशी लेखी करा. कागद आणि रेकॉर्ड मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार समितीला आहेत, फारच कमी समित्या ते वापरतात.

तिठा
स्थानिक समितीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १० पेक्षा कमी माणसं असलेलं दुकान, दवाखाना, ब्युटी पार्लर, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर अंतर्गत समिती नाही, जिल्ह्याची स्थानिक समिती. जिल्हाधिकारी कार्यालय किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा. तालुक्याला समन्वय अधिकारी असतो, त्याने तक्रार ७ दिवसांत समितीकडे पाठवायची असते. कागदावर असतो असं म्हणते, कारण तालुक्याच्या कचेरीत विचारलं तर निम्म्या वेळा टेबलावरच्या माणसालाच हे पद माहीत नसतं. सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ च्या आदेशात या नेमणुकांना मुदती घालून दिल्या, त्यानंतर फरक पडतोय. शी-बॉक्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरही तक्रार टाकता येते, पण तिची प्रत छापून ठेवा.

घरकामगार बायकांचा मार्ग वेगळा आहे. प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर समितीने ७ दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. कायद्यात भादंवि ५०९ लिहिलंय, आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७९. समितीकडे गेलं म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही असं नाही, दोन्ही रस्ते एका वेळी खुले असतात (लैंगिक छळासाठी संहितेचं कलम ७५), आणि तिला फिर्याद द्यायची असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे.

मधुमालती
समितीने अहवालच दाखवला नाही तर माहिती अधिकारात मिळेल का?

कुंपण
माहिती अधिकारातून हा मजकूर कलम १६ नेच वगळलाय. पण तुम्ही पक्षकार असाल तर अहवाल मिळणं हा तुमचा हक्क, कलम १३(१) चा हवाला देऊन पीठासीन अधिकारी आणि मालक दोघांकडे मागा. अपिलासाठी ९० दिवस आहेत आणि ते शिफारशीपासून मोजतात, त्यामुळे अहवाल हातात कधी पडला त्याची नोंद ठेवा.