चिपला हात लावायची गरज नाही
अमेरिकन सुपर निन्टेन्डोवर (टीव्हीला जोडायचा जुना गेम कन्सोल) जपानी कार्ट्रिज, म्हणजे खाचेत बसवायची गेमची डबी, चालवायला चिप बदलावी लागते का, असं एकाने विचारलंय. अजिबात नाही! खाचेत टॉर्च मारून बघा, प्लास्टिकचे दोन खुंट दिसतील. अडवणूक तेवढीच, लॉकआउट चिप (दुसऱ्या प्रदेशाचे गेम अडवणारी) अमेरिकन आणि जपानी, दोन्हीकडे एकाच जातीची. मी नोज प्लायरने ते खुंट हलवून हलवून मोडले, कडा कानशीने घासल्या, झालं. (तुकडा आत पडला आणि मी अर्धा तास कन्सोल उलटा करून खुळखुळवत बसलो, ते सोडा.)

युरोपियन मशीनचं दुखणं मात्र वेगळं. तिथे चिपही वेगळी आणि चित्र ५० हर्ट्झचं (सेकंदाला ५० वेळा ताजं होणारं), त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनवलेला गेम साधारण १७ टक्के रेंगाळतो. त्याला सोल्डरिंग करून (डाग देऊन) हे बदलणारं बटणच बसवावं लागतं. हात बसलेला नसेल तर आधी एखाद्या भंगार बोर्डावर सराव करा.