बारशाच्या पत्रिकेवरचे नाव: लैला

मंडळातील सर्व सुहृदांना सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात माझ्या लेकीला मुलगी झाली. जावई मूळचे बैरूतचे, अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातले आहेत. त्यांच्या आजीचे नाव बाळाला ठेवायचे असे दोघांनी आधीच ठरवले होते आणि ते नाव लैला आहे. मला ते ऐकताक्षणी आवडले. साताऱ्याला फोन केला तेव्हा मात्र धाकट्या जाऊबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "अहो वहिनी, मग मजनू कुठून आणणार?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, पण फोन ठेवल्यावर मला बराच वेळ चुटपुट लागून राहिली. इथल्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की लीला आणि लैला हे एकच नाव आहे, तेव्हा मराठी पत्रिकेवर लीला छापावे, म्हणजे दोन्हीकडची माणसे समाधानी राहतील. बाळांच्या नावांच्या एका संकेतस्थळावर या नावाचा अर्थ 'काळ्याभोर केसांची सुंदरी' असा दिला आहे. पत्रिका पुढच्या रविवारी छापायला द्यायची आहे. नावाचा खरा अर्थ काय, लीला लिहिणे योग्य होईल का आणि लैला, लेला, लायला यांपैकी देवनागरीत काय लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आपली,
नव्याने आजी झालेली एक सदस्य

*

ताई, सादर नमस्कार आणि नातीबद्दल मनःपूर्वक अभिनंदन.

नोकरीनिमित्त बरीच वर्षे मस्कतला काढली आणि तिथे संध्याकाळच्या वर्गात अरबी शिकलो, त्या आधारावर लिहीत आहे. अरबीत लाम, या, लाम या अक्षरांपासून 'लैल' म्हणजे रात्र आणि 'लैला' म्हणजे एक रात्र हे शब्द होतात. अरबीची बहीण असलेल्या हिब्रूतही रात्रीला जवळजवळ हेच म्हणतात. आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर 'अलिफ लैला' पाहिली असेल. त्या नावातली लैला ही कोणी स्त्री नसून रात्रच आहे. त्या कथासंग्रहाचे मूळ अरबी नाव 'अल्फ लैला व लैला', म्हणजे हजार रात्री आणि एक रात्र. (अलिफ हे वर्णमालेतले पहिले अक्षर आहे, हजाराला अल्फ म्हणतात.) विशेषनाम लिहिताना मात्र शेवट बदलतो. आमच्या शिक्षकांनी फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून दाखवले होते. 'रात्र' लिहिताना शेवटी एक छोटे गोल अक्षर आणि त्याच्या डोक्यावर दोन ठिपके होते. मुलीचे नाव लिहिताना त्यांनी तीच रेघ हंसाच्या मानेसारखी वळवून ओळीखाली नेली आणि ठिपके दिलेच नाहीत. ते शेवटचे अक्षर दिसते 'या'सारखे, पण वाचायचे 'आ'. बाळाच्या वडिलांकडच्या कोणी अरबीत नाव लिहून मागितले, तर एवढे जरूर पाहावे.

'काळ्याभोर केसांची सुंदरी' हा अर्थ अरबी कोशांतला नव्हे. जुने कोशकार अतिशय लांब आणि गडद रात्रीसाठी याच धातूवरचे विशेषण सांगतात आणि मद्याच्या पहिल्या लहरीलाही लैला म्हणत असल्याचे नोंदवतात. केसांचा उल्लेख मला कुठे आढळला नाही. माझ्या मते या सजावटीची गरजच नाही. आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुलींना रात्रीचीच नावे ठेवत आलो आहोत. निशा, रजनी, यामिनी, शर्वरी, विभावरी या सगळ्यांचा अर्थ रात्रच, आणि तो ऐकून आपल्याकडे कोणाला कधी वावगे वाटलेले नाही. तुमच्या जाऊबाईंना एवढेच सांगावे की लैला ही आपली शर्वरीच आहे, फक्त तिचे माहेर अरबस्तानातले.

मजनूचेही थोडे सविस्तर सांगतो, कारण टोमणा तिथूनच आला. सातव्या शतकात, आजच्या सौदी अरेबियातील नज्द प्रदेशात, बनू आमिर टोळीतल्या कैस नावाच्या कवीने आपल्याच टोळीतल्या लैलेवर कविता रचल्या, अशी परंपरा आहे. ज्या कवीने मुलीचे नाव चारचौघांत कवितेतून उघड केले त्याला ती द्यायची नाही, असा त्या समाजाचा संकेत होता. म्हणून बापाने नकार दिला आणि तिचे लग्न दुसऱ्याशी लावले. कैस रानोमाळ भटकू लागला आणि लोक त्याला मजनून, म्हणजे जिनाने झपाटलेला, म्हणू लागले. म्हणजे मजनू हे त्याचे नाव नव्हे, लोकांनी दिलेले विशेषण आहे. ही कथा निजामी गंजवी यांनी ११८८ मध्ये फारसी काव्यात बांधली आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस अमीर खुसरो यांनी दिल्लीत ती पुन्हा लिहिली. फारसीतून ती हिंदुस्थानभर पसरली, पुढे नाटकांत आणि चित्रपटांत आली आणि आपल्या बोलण्यात 'लैला-मजनू' ही जोडी थट्टेपुरती उरली. मूळ कथेत थट्टेला कुठेही जागा नाही आणि लैलेकडून मर्यादेचा भंगही झालेला नाही.

शिवाय लैला ती एकटीच नव्हती. त्याच शतकात लैला अल-अख्यलिया ही स्वतः मोठी कवयित्री होऊन गेली. तौबा नावाच्या, लढाईत पडलेल्या तिच्या प्रियकरावर तिने रचलेली शोकगीते अरबी साहित्यात आजही मानाने वाचली जातात. त्याही आधीची, इस्लामपूर्व काळातली एक लैला मला सर्वांत जवळची वाटते. कवी अम्र इब्न कुलसूम याची ती आई. परंपरेने सांगितलेली कथा अशी की आजच्या इराकमधील हीरा या नगरीच्या राजाने या मायलेकांना मेजवानीला बोलावले आणि राजमातेने, हिचा ताठा उतरवावा म्हणून, "ते ताट जरा इकडे दे" असे तिला फर्मावले. लैला म्हणाली, "ज्याला हवे असेल त्याने उठून घ्यावे." पुन्हा फर्मावल्यावर तिने अपमान झाल्याची हाक मोठ्याने मारली. ती शेजारच्या तंबूत मुलाच्या कानी पडली आणि त्याने तिथेच टांगलेली तलवार उपसून राजाला ठार केले. तेव्हा हे नाव इस्लामच्या आधीचे आहे, एका धर्माचे नाही, आणि लेबनॉनमधील ख्रिस्ती घरांत ते असावे यात नवल नाही.

आता लीलाबद्दल. ते संस्कृत नाव आहे आणि त्याचा अर्थ खेळ, सहज क्रीडा. मराठीला तर तो शब्द तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'पासून परिचयाचा आहे. नाव सुंदर आहे, पण ते दुसरे नाव आहे. ही दोन नावे एकमेकांजवळ येतात ती फक्त रोमन लिपीत, जिथे ई कोणती आणि ऐ कोणता हे अक्षरांवरून नक्की कळत नाही. पत्रिकेवर लीला छापले तर पणजीचे नाव पणतीला दिले असे म्हणता येणार नाही, म्हणून तसे करू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. देवनागरीत 'लैला' हेच लिहावे. हिंदी बोलणारे ऐ पसरट उच्चारतात, पण आपण मैना किंवा ऐवज म्हणताना अ आणि इ दोन्ही ऐकू येतात, आणि प्रमाण अरबीतला उच्चार नेमका तसाच आहे. इजिप्तमध्ये बोलीत 'लेला' म्हणतात, तरीही लिहिताना अक्षरे तीच राहतात.

आपला,
ग्रंथालयाचे काम पाहणारा सदस्य

*

सर्वांना नमस्कार.

काकांच्या पत्रानंतर अर्थाविषयी लिहिण्याजोगे काही उरलेले नाही. नावाच्या प्रसाराविषयी थोडी भर घालते. इथे अमेरिकेत नावांची सरकारी यादी सामाजिक सुरक्षा कार्डांच्या अर्जांवरून तयार होते आणि ती १८८० सालच्या जन्मांपासून उपलब्ध आहे. त्या यादीत प्रत्येक स्पेलिंग हे स्वतंत्र नाव मानले जाते, त्यामुळे एल-ए-वाय-एल-ए, एल-ई-आय-एल-ए आणि एल-ए-आय-एल-ए यांची बेरीज कोणी करत नाही आणि नावाचा खरा प्रसार यादीत दिसतो त्याहून मोठा असतो. यांतले 'ई-आय'चे रूप इथे जुने आहे; कवी बायरन याने १८१३ च्या एका काव्यात नायिकेला ते दिले आणि एकोणिसाव्या शतकात ते इंग्रजी घरांत रुळले. 'ए-वाय'चे रूप पसरायला १९७० साली ब्रिटिश रॉक गायक एरिक क्लॅप्टनने निजामीच्या कथेवरून सुचलेले नाव देऊन केलेले गाणे कारणीभूत ठरले, परंतु खरी चढण एकविसाव्या शतकातली आहे. अलीकडच्या वर्षांत ते एकच स्पेलिंग अमेरिकेत मुलींच्या पहिल्या पन्नास नावांत राहिले आहे. त्यात अरब घरे आहेत, कृष्णवर्णीय घरे आहेत आणि अरबीशी काहीही संबंध नसलेलीही पुष्कळ आहेत, त्यामुळे शाळेत बाळाला आपले नाव कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत गेल्या वर्षी एकाच वर्गात एक लीला आणि एक लैला होती. हजेरीपत्रक रोमन लिपीत असताना दोघी एकाच वेळी "हजर" म्हणत. मी ते देवनागरीत लिहून काढले, तेव्हापासून गोंधळ झाला नाही. धाकट्या लैलेने आपल्या नावावरच्या दोन मात्रा पाहून विचारले होते, "ताई, माझ्या डोक्यावर दोन पिसे आहेत का?" ती अजूनही त्या मात्रा रंगीत खडूने काढते.

आपली,
मराठी शाळेतील एक शिक्षिका

*

काका आणि ताई, आपले दोघांचे आभार कसे मानावेत हे कळत नाही.

दोन्ही पत्रे मी लेकीला वाचून दाखवली आणि जावयांना इंग्रजीत सांगितली. ताटाची गोष्ट त्यांना शाळेपासून माहीत होती. फक्त त्या मातेचे नाव आपल्या आजीचेच आहे, हे त्यांच्या लक्षात राहिले नव्हते. पत्रिकेवर 'लैला' छापायला दिले आहे आणि खाली हंसाच्या मानेसारखे वळण देऊन अरबीतही, ते अक्षर बैरूतहून विहीणबाईंनी स्वतः लिहून पाठवले आहे. जाऊबाईंना मी काल पुन्हा फोन केला. त्यांच्या थोरल्या सुनेचे नाव शर्वरी आहे, हे मी विसरले होते. त्यांनीच आठवण करून दिली आणि बाळासाठी दुपटे शिवायला घेतल्याचे सांगितले.

बारशाला बाळाची आत्या बैरूतहून येणार आहे. पाळण्याशी वाकून कानात कुर्रर्र करून नाव सांगायचे असते, हे तिला फोनवर समजावले, तेव्हा तिने लगेच म्हणून दाखवले, "लइला". मी म्हणते तसेच.

आपली,
लैलाची आजी