गच्चीवरचे वाफे आणि अगोट (पावसाळ्याआधीची तयारी)

ए-४०२ वहिनी (सकाळी ६:५२)
सगळ्यांना नमस्कार. आमच्या हॉलच्या छताचा फोटो टाकलाय, कृपया उघडून बघा. पंख्याशेजारचा डाग गेल्या गणपतीत ताटाएवढा होता, आता परातीएवढा झालाय. आणि हे मे महिन्यात. अजून पावसाचा एक थेंब नाही. वर काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे, मी कोणाचं नाव घेत नाही.

बी-४०१ ताई (७:०४)
नाव घेतलंत तरी चालेल वहिनी. गच्चीवरची बाग आम्ही चौघींनी केली, लपूनछपून नाही, मीटिंगमध्ये विचारून केली. सोसायटीचा एक रुपया घेतला नाही. चिरे कुंपणाचे उरलेले. माती पावसहून माझ्या माहेरची. एकूण खर्च ६,४०० रुपये, त्यातले २,२०० टेम्पोचे. उरलेले रोपं, शेणखत आणि पाइपचे. पावत्या आहेत.

ए-१०१ काकी (७:०६)
गच्चीची चावी कोणाकडे आहे? आमसुलांना चौथं पुट दिलंय, ऊन लागलं पाहिजे.

सेक्रेटरी (७:१५)
वहिनी, फोटो बघितला. ताई, कोणी आरोप करत नाहीये. शांतपणे बोलूया.

ए-४०२ वहिनी (७:१६)
मी शांतच आहे. गेल्या वर्षीही शांतच होते. गणपतीसमोर आरती चालू होती आणि बाजूला घमेल्यात टपटप गळत होतं, तेव्हाही शांतच होते.

ए-३०३ दादा (७:२१)
वहिनी, डाग आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखा दिसतोय. मंडणगड पंख्यापाशी आणि राजापूर थेट ट्यूबलाइटपाशी 😄

ए-४०२ वहिनी (७:२२)
तुमच्या डोक्यावर गळत नाही ना, म्हणून सुचतंय.

ए-३०३ दादा (७:२३)
चुकलं वहिनी. माफ करा. काय मदत लागेल ती सांगा.

बी-२०१ नाना (७:५८)
आताच वर जाऊन टेप लावून आलो. सगळ्यांनी नीट वाचा.
एक वाफा १२ फूट लांब, ३ फूट रुंद, ९ इंच खोल. म्हणजे २७ घनफूट माती. ओली लाल माती घनफुटाला साधारण ५० किलो धरा. एका वाफ्याचे १,३५० किलो झाले. असे दोन वाफे, म्हणजे २,७०० किलो. चिऱ्यांचं वजन वेगळं.
आता स्लॅबचं बघा. माणसं ये-जा करतात अशा सपाट छतासाठी आपल्या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला १४ किलोच्या आसपास. वाफ्याखाली तो ३७ किलोच्या वर जातो. उद्या स्लॅब खाली येईल असं मी म्हणत नाही, कठड्याच्या बाजूला बीमचा आधार आहे. पण चार महिने धो धो पाऊस खाल्लेली माती तिथे ठेवायची नाही. मी बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली आहेत, उगाच घाबरवत नाहीये.

बी-४०१ ताई (८:०३)
नाना, मीटिंगला तुम्ही पहिल्या खुर्चीत होतात. तेव्हा हे गणित का नाही मांडलंत?

बी-२०१ नाना (८:०५)
मीटिंगमध्ये तुम्ही कुंड्या म्हणालात. वाफे नाही म्हणालात. मिनिट बुक काढा.

बी-४०१ ताई (८:१०)
कुंड्याच घेणार होतो. चाळीस मोठ्या कुंड्यांचा भाव काढला तो आमच्या चौघींच्या बजेटबाहेर गेला. चिरे फुकट होते, माती फुकट होती, म्हणून वाफे केले. दोन महिने रोज संध्याकाळी हातात फावडं घेऊन आम्ही वर होतो. भेंडी, लाल माठ सगळ्यांच्या घरी गेलाय. तेव्हा कोणी वजन नाही विचारलं.

ए-२०२ वहिनी (८:१२)
माठ छान होता ताई ❤️

बी-३०२ सर (८:१४)
चिरे फुकट कसे? कुंपणाचे चिरे सोसायटीच्या पैशांचे होते. आणि हा विषय निघालाच आहे तर गेल्या वर्षीच्या रंगकामाचा हिशोबही ग्रुपवर यावा.

सेक्रेटरी (८:१६)
सर, तो हिशोब दोन महिने नोटीस बोर्डावर होता.

बी-३०२ सर (८:१७)
बोर्डावर होता, पण रंगाचे डबे किती आले, किती वापरले, किती उरले हे त्यात नव्हतं.

सेक्रेटरी (८:१८)
डबे मोजायला मी पगारी नोकर नाही सर. ऑफिस सांभाळून करतोय हे.

ए-१०१ काकी (८:२०)
चावी कोणाकडे आहे?

ए-२०४ भाऊ (८:३१)
सरांनू, डबे मी मोजलंय. पंपाच्या खोलयेत २० लिटरच्यो बादल्यो पडल्यो आसत, ३४. झाकणां नाय, पण बादल्यो धड आसत. रंग वॉटर बेसचो होतो, आत सुकलेलो थर आसा तो सोलून निघता. बुडाक आणि बाजूक एक इंचावर भोका मारूची, झाली कुंडी. दुकानात पैसे कित्याक घालूचे?

बी-३०२ सर (८:३३)
३४! मग हेच विचारत होतो मी.

ए-३०३ दादा (८:३४)
सरांच्या हिशोबातून बाग निघाली 👏

बी-२०१ नाना (८:४०)
भाऊ, उत्तम. फक्त नुसती माती भरायची नाही. एक भाग माती, एक भाग नारळाच्या सोडणाचा भुसा, एक भाग कुजलेलं शेणखत. वजन बरंच उतरतं. आणि बादल्या एका जागी गोळा करायच्या नाहीत, कठड्याच्या कडेने एका ओळीत लावायच्या, खाली दोन-दोन विटा. विटा कशाला, तर खालून पाणी वाहिलं पाहिजे आणि झाडू फिरला पाहिजे.

बी-४०१ ताई (८:५२)
हळद आणि आलं नुकतंच लावलंय. हळदीला कोंब आलेत. मिरवेल भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून आणली, तिने आत्ता कुठे मूळ धरलंय. हे सगळं उपटायला सांगताय तुम्ही.

ए-२०४ भाऊ (८:५५)
उपटूचा नाय गो ताई, हलवूचा. हळदीची गड्डी मातयेसकट उचलूची आणि बादलयेत बसवूची. मृगाच्या आधी हलवलास तर कळणार पण नाय तिका.

ए-४०२ वहिनी (९:०१)
झाडांची सगळ्यांना काळजी आहे. मला आनंदच आहे. माझ्या छताचं काय?

बी-२०१ नाना (९:०६)
वहिनी, तिकडेच येतोय. पाऊस नसताना डाग वाढला, म्हणजे पाणी वरून आपण घालतोय ते आहे. ए विंगच्या बाजूला पाणी जायचं भोक वाफ्याच्या मागे गेलंय. जाळीवर माती आणि पानं बसली आहेत. रोजचं पाणी मातीतून खाली उतरतं, स्लॅबवरच्या सिमेंटच्या थरावर, म्हणजे कोब्यावर, साचतं आणि फट शोधतं.

बी-४०१ ताई (९:०८)
जाळी आम्ही मोकळी ठेवली होती.

बी-२०१ नाना (९:०९)
ठेवली असेल. आज मोकळी नाही. फोटो टाकतो.

ए-१०१ काकी (९:३०)
ऊन वर आलं. गच्चीची चावी कोणाकडे आहे ते कृपया सांगा. आमसुलं वाटीतच राहिली तर काळी पडतील.

ए-३०१ मामा (१०:१५)
माझी सूचना. माती काढल्यावर मोकळ्या जागेत भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू पसरली तर छान दिसेल. चार पोती मी रिक्षातून आणू शकतो. वर तो झोपाळा ठेवू.

बी-२०१ नाना (१०:१८)
मामा, अजिबात नको. किनाऱ्यावरची वाळू उचलायला सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, बंदी आहे. आणि ती खारी असते. ओल धरते, लोखंड खाते, प्लास्टर फुगवते.

ए-३०१ मामा (१०:२०)
बरं. झोपाळ्याचं तरी करूया. पाय गंजलेत.

ए-३०३ दादा (१०:२६)
झोपाळा माझ्याकडे द्या. पॉलिशपेपरने गंज खरवडतो, रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन. पण स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच आणायचे. साधे लावले तर आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात दिवाळीपर्यंत डोकी उडतात, मग ना निघतात ना फिरतात. बाल्कनीतल्या मांडणीला हा अनुभव घेतलाय.

बी-३०२ सर (१०:४०)
कठडा आतून काळा पडलाय. तो आपण चुन्याने हाताने रंगवू शकतो, रंगाच्या मानाने खर्च नगण्य. चुनकळी रात्रभर भिजवायची, दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळायची, थोडं डिंकाचं पाणी घालायचं, पातळ दोन-तीन हात मारायचे. मात्र चुनकळी पाण्यात पडली की उकळते. प्लास्टिकच्या बादलीत भिजवू नका, पत्र्याच्या डब्यात भिजवा. आणि त्या दिवशी एकही मूल गच्चीवर नको, डोळ्यात थेंब उडाला तर दृष्टीवर बेततं.

ए-२०२ वहिनी (१०:४४)
शेवाळावरच मारायचा का?

बी-३०२ सर (१०:५१)
नाही, आधी तारेच्या ब्रशने घासून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायचं आणि सुकू द्यायचं. नाहीतर पोपडे धरतात. कळकळीने सांगतो, ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं अॅसिड कोणीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. गेल्या वर्षी जिन्याखाली हेच झालं होतं आणि आपली सफाईवाली मावशी दोन दिवस खोकत होती. तेव्हा ग्रुपवर कोणी एक शब्द लिहिला नाही.

सेक्रेटरी (१०:५५)
सर, मी तेव्हा तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो.

बी-३०२ सर (१०:५८)
हे मला माहीत नव्हतं. चांगलं केलंत.

ए-१०१ काकी (११:३०)
चावी 🙏

बी-१०३ वहिनी (११:४५)
बादल्यांखाली थाळ्या ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा तरी ओतून पुसायच्या. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आमच्या धाकट्याला गेल्या पावसात झालेला डेंग्यू मी विसरलेले नाही.

ए-२०४ भाऊ (११:४८)
थाळयो नकोतच. विटो आसत मां.

ए-४०२ वहिनी (दुपारी १२:२०)
सगळं चाललंय, चुना, झोपाळा, वाळू. माती कधी निघणार ते कोणी लिहीत नाही.

सेक्रेटरी (१२:२४)
वहिनी, रविवारी ठेवूया का? गडी लावले तर दोन दिवसांची मजुरी होईल, ती कशातून द्यायची ते ठरवावं लागेल.

बी-३०२ सर (१२:२६)
सिंकिंग फंडाला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशांना, हात लावायचा नाही.

बी-४०१ ताई (१२:३१)
गडी नकोत. माती आम्ही चढवली, आम्हीच उतरवू.

(चार तास ग्रुपवर काही नाही.)

बी-४०१ ताई (४:३७)
तीन फोटो टाकलेत. मी आणि ए-४०२ वहिनी आत्ता वर आहोत. जाळीच्या बाजूची दोन फूट माती मी काढली. नाना बरोबर होते. वरची माती भुरभुरीत कोरडी, पण खालचा चार बोटं भाग चिखल आहे. मुठीत दाबला तर पाणी गळतं.
दुसरा फोटो नीट बघा. कोब्याच्या सांध्यात मुळी गेली आहे, बोटाएवढी जाड. मला वाटलं मिरवेलीची. ओढत गेले तर कठड्याच्या फटीतल्या पिंपळाची निघाली. वर दोनच पानं होती, मीच त्याला "असू दे, कोवळा आहे" म्हणून ठेवला होता. खाली त्याने पाच फूट मजल मारली आहे, ओली माती मिळाल्यावर सरळ वहिनींच्या हॉलच्या दिशेने.
वहिनी, मी सकाळी तिरकं बोलले.

ए-४०२ वहिनी (४:४१)
पिंपळ वाफ्यांच्या आधीपासून होता. मागच्या वर्षीची गळती त्याचीच असणार. मी वर्षभर मनात तुमच्या बागेला बोल लावत होते.

बी-२०१ नाना (४:५०)
ओढून तोडू नका! वरची तुटली तरी आतली पुन्हा फुटते. छिन्नीने सांधा दोन्ही बाजूंनी फोडून मुळी आतपर्यंत काढायची. मग माती पूर्ण हटवून तीन-चार दिवस कडक ऊन द्यायचं. ओल्या कोब्यावर कसलाही थर मारला तर ओल आत कोंडते आणि तो फुगून सुटतो. सुकलं की भेगा भरायच्या, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. हे काम आपल्याला जमेल, पण मृग दोन आठवड्यांवर आहे. रविवार उशीर होईल. उद्याच हात घाला.

ए-३०३ दादा (४:५३)
उद्या सकाळी ६ ला मी आहे. अकरापर्यंत उन्हात टिकेन.

ए-२०४ भाऊ (४:५५)
मी आसय. बादलयांक भोका आज रातीच मारून ठेवतंय.

बी-३०२ सर (४:५७)
मीही येतो. ३४ बादल्यांची नोंद वहीत करून घेतो.

सेक्रेटरी (५:००)
लिफ्टमधून माती न्यायची नाही, जिन्याने. प्रत्येक मजल्यावर एक माणूस उभा राहिला तर हातोहात खाली येईल. उरलेली माती कुंपणाजवळच्या खड्ड्यात. वॉटरप्रूफिंगच्या सामानाची कोटेशनं मी आज रात्री टाकतो, दोन दुकानांची.

ए-१०१ काकी (५:०४)
म्हणजे चावी ताईंकडे होती?

बी-४०१ ताई (५:०५)
काकी, चावी पहाटेपासून दारालाच लावलेली आहे. नाना सकाळी त्याच दारातून गेले.

ए-१०१ काकी (५:०६)
मग दिवसभर कोणी बोललं का नाही? आता ऊन गेलं.

बी-४०१ ताई (५:०८)
उद्या सकाळी मी खाली येऊन सुपं वर नेते काकी. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे पसरू, तिकडे धूळ यायची नाही.

ए-१०१ काकी (५:०९)
दोन सुपं आणि एक परात आहे. झाकायला पातळ फडकं मी देते.

ए-४०२ वहिनी (५:१५)
ताई, माती वाहायला घमेली किती आहेत तुमच्याकडे?

बी-४०१ ताई (५:१६)
दोन.

ए-४०२ वहिनी (५:१७)
तिसरं माझं घ्या. पंख्याखाली ठेवलेलं आहे, उद्या सहाला घेऊन येते. चहाही वरच आणते, पंधरा कप धरते. कोणाला बिनसाखरेचा हवा असेल तर आत्ताच लिहा.