घर्षण वहीत नाही, विटेत दाखवा

सर, ‘खडबडीत पृष्ठभाग, जास्त घर्षण’ एवढंच पाठ करून मुलं मोकळी होतात, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. मी परभणी जिल्ह्यात सातवीला शिकवते. आमच्याकडं एक वीट, सुतळी आणि स्प्रिंगचा काटा एवढ्यावर तास रंगतो. वीट हळूहळू ओढायची. काटा चढत जातो, वीट मात्र हलत नाही. मग ती एकदम सुटते आणि काटा थोडा खाली येतो! हलवायला जास्त बल, सरकत ठेवायला कमी, हे मुलं स्वतःच ओरडून सांगतात. मग वीट कडेवर उभी करायची. टेकणारी बाजू लहान झाली, म्हणून घर्षण कमी होईल असं सगळ्यांना वाटतं, पण आकडा जवळपास तोच. वर दुसरी वीट ठेवली की साधारण दुप्पट. खाली चार गोल पेन्सिली घातल्या तर काटा जेमतेम हलतो. बैलगाडीचं चाक तिथंच कळतं.

आणि घर्षण म्हणजे नुकसानच, असं लिहिणाऱ्यांना पावसाळ्यातली काळी माती आठवायला सांगा. चाक जागीच फिरतं, ट्रॅक्टर पुढं सरकत नाही. बाप चाकाखाली पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, का टाकतो, हे शेतकऱ्याच्या पोरांना विचारा.