खाऱ्या पाण्यासाठी एकच फ्लाय रॉड घ्यायचा, तर किती वेटचा?

रेवदंडा_ते_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी,

मी ह्यूस्टनला असतो, मूळ गाव रेवदंडा. कुंडलिकेच्या खाडीत लहानपणापासून गरवलंय, पण फ्लाय फिशिंगची, म्हणजे पिसांचं हलकं नकली भक्ष्य (फ्लाय) जड लाइनने फेकून मासे धरण्याची, गोडी इथे आल्यावर लागली. हिवाळ्यात कॅन्यन धरणाखाली ग्वाडलूप नदीत ट्राउट सोडतात, तिथे ५ वेटच्या रॉडवर हात बसवला (वेट म्हणजे रॉड केवढ्या जड लाइनसाठी आहे त्याचा नंबर). आता खाऱ्या पाण्याकडे वळायचंय. गॅल्व्हस्टनची वेस्ट बे आणि ख्रिसमस बे जाऊन-येऊन करण्यासारख्या आहेत, आणि वर्षातून एकदोनदा रॉकपोर्ट, पोर्ट अरॅन्सस होतंच. मुख्य मासा रेडफिश, मिळाला तर स्पेकल्ड ट्राउट.

दोन रॉड घेणं सध्या परवडणार नाही. रॉड, रील, लाइन सगळं मिळून ६०० डॉलर. एका दुकानात ७ वेट सांगितला, दुसऱ्यात ९. ऑफिसातले एकजण त्यांचा जवळपास नवा १० वेट दीडशे डॉलरला देताहेत. मोठा घेतला तर लहान माशालाही चालेल आणि मोठ्यालाही, असं वाटतंय. शिवाय डिसेंबरात गावी जातो तेव्हा तोच रॉड जिताड्यासाठी न्यायची फार इच्छा आहे.

उंची बेताची, उजवा खांदा थोडा दुखरा. काय घेऊ?

लगूना_काका

९ फुटी, चार तुकड्यांचा, ८ वेट. उत्तर आधी देऊन टाकलं, आता कारणं.

मी कॉर्पस क्रिस्तीला राहतो आणि लगूना माद्रेच्या उथळ पाण्यात बारा महिने उतरतो. तुमचा प्रश्न मला इथे फार जण विचारतात आणि जवळपास सगळे तो माशाच्या वजनापासून सुरू करतात. गळ टाकताना ते बरोबर आहे. फ्लायला नाही. फ्लायला स्वतःचं वजन नसल्यातच जमा, तिला लाइन ओढून नेते. रॉडवरचा आकडा सांगतो त्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन. ६ वेटला १६० ग्रेन, ८ ला २१०, १० ला २८०. म्हणजे साधारण साडेदहा, साडेतेरा आणि अठरा ग्रॅम. तेव्हा आधी विचारायचं ते हे, की कसल्या वाऱ्यात, केवढी फ्लाय, किती लांब टाकायची आहे. मासा त्यानंतर.

वाऱ्याचं बघा. आपल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर वसंतात आग्नेयेचा वारा दुपार होता होता ताशी १५-२० मैलांवर जातो आणि दिवस मावळेपर्यंत थांबत नाही. तुमच्या ५ वेटची लाइन त्यात सुतासारखी उडेल. फ्लाय म्हणाल तर रेडफिशला २ किंवा १ नंबरच्या हुकावरची क्लाउझर, खेकड्याची एखादी नक्कल, एक चमच्यासारखी चकचकीत स्पून फ्लाय. क्लाउझरच्या डोक्याला धातूचे डोळे असतात. बॉब क्लाउझर यांनी ती पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी बांधली आणि आज ती कुठल्याही समुद्रात चालते. शांत हवेत ते डोळे ७ वेटही नेतो. वारा समोरून आला की मात्र लाइन पुढे उलगडायच्या आत कोसळते, आणि तिथे ८ चा उपयोग कळतो.

आता अंतर, ज्याकडे दुकानात कुणी लक्ष देत नाही. पार्किंगमध्ये सगळे ७० फूट फेकून दाखवतात. पाण्यात रेडफिश दिसतो तो ३०-४० फुटांवर, गढूळ असेल तर त्याहून जवळ. पोटरीभर पाण्यात गवताच्या मधोमध शेपूट वर येतं, तांब्याच्या रंगाचं, टोकाला निळसर झाक, मुळाशी काळा ठिपका. डोकं खाली घालून तो चिखलातले खेकडे उकरत असतो. शेपूट हलतं, बुडतं, हातभर पुढे पुन्हा वर येतं. तुमच्या हाताशी काही क्षण असतात. एक फॉल्स कास्ट (लाइन पाण्यावर न टाकता हवेतच मागे-पुढे नेणं), फार तर दोन, आणि फ्लाय त्याच्या थोडी पलीकडे टाकून नाकासमोरून ओढत आणायची. म्हणून रॉड असा हवा जो ३० फूट लाइनवरच नीट वाकतो. काही अतिकडक रॉड, त्यात हजार डॉलरच्या वरचेही आले, ६० फूट लाइन बाहेर पडल्याशिवाय वाकतच नाहीत. लांब फेकणाऱ्याला ते आवडतात, तुम्हाला मासे मिळवून देणार नाहीत.

तो १० वेट स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. दिवसभर उभं राहून फेकायचं असतं, मासा ओढायचं काम त्यातलं फार थोडं. दुखऱ्या खांद्याने १० वेट सकाळभर फेकलात तर दुपारी मासा समोर आल्यावर हात उचलणार नाही. आणि टेक्सासात ठेवता येतो तो रेडफिश २० ते २८ इंच, म्हणजे साधारण दीड ते साडेतीन किलो. तेवढ्याला ८ चा बुंधा पुरून उरतो. (हा आपल्या घोळ-ढोम्याच्याच कुळातला बरं का, पोटातून तसाच घुमतो. हातात घेतलात की जाणवेल.)

पैशांचं असं करा. रॉडला अडीचशेच्या आसपास. ऑर्व्हिस क्लिअरवॉटर, टीएफओ, रेडिंग्टन, एको, यांतला जो हाताला बसेल तो. टीएफओ डॅलसची, आपल्या राज्यातलीच. रील अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचं, ड्रॅग (पळत्या माशाला आवरणारा रीलचा ब्रेक) सीलबंद, त्यात २० पौंडी बॅकिंग (लाइनच्या मागची राखीव दोरी) दीडशे-दोनशे यार्ड बसायला हवं. उरलेले सगळे लाइनीवर. लाइनीत हात आखडू नका. चांगल्या लाइनीवर मध्यम रॉड छान चालतो, उलटं होत नाही.

खारफुटी_टॅम्पा

काकांच्या बऱ्याचशा म्हणण्याशी सहमत, तरी मी ९ म्हणेन.

मी फ्लोरिडात टॅम्पा बेमध्ये स्नूक माशाच्या मागे असते. तो तिवरांच्या मुळांत किंवा धक्क्याच्या खांबांत बसतो आणि फ्लाय घेतली की थेट आत शिरतो. पहिल्या दोन सेकंदांत त्याला वळवला नाही तर लीडर (लाइनच्या टोकाची बारीक दोरी) शिंपल्यांवर घासून तुटतोच. तिथे ८ वेट पुरा पडत नाही. शिवाय माझ्या फ्लाय मोठ्या, २/० आणि ३/० नंबरच्या मोठ्या हुकांवरच्या, पिसांच्या भरगच्च. त्या न्यायला लाइनच जड लागते. ९ ला २४० ग्रेन आहेत, ८ पेक्षा ३० जास्त, आणि खांद्याला तो १० इतका भारी नाही.

अजून एक. ह्यूस्टनहून लुइझियाना काही फार लांब नाही. थंडीच्या तोंडाला तिथल्या दलदलीत दहा किलोच्या वरचे बुल रेड, म्हणजे थोराड रेडफिश, उथळ पाण्यात येतात. एकदा ते पाहिले की तुम्ही जाणारच, आणि तेव्हा ८ हातात असल्याचं वाईट वाटेल. एकच रॉड घ्यायचा तर पुढचंही बघून घ्यावा.

लगूना_काका

ताई, तुमच्या पाण्यात मीही ९ च घेतला असता. तुमची फ्लाय मोठी आणि मासा अडचणीत बसणारा. यांचं तसं नाही. वेस्ट बे काय, रॉकपोर्ट काय, मोकळं गवत आणि शिंपल्यांचे बांध. मासा पळाला तरी मोकळ्यातच पळतो.

माझी हरकत लाइन पाण्यावर कशी पडते त्याला आहे. सकाळी वारा नसतो, घोट्याएवढं पाणी आरशासारखं असतं आणि मासे सगळ्यात छान दिसतात ते तेव्हाच. ९ ची लाइन अशा पाण्यावर पडली की आजूबाजूचे सगळे मासे उठतात, पाणी ढवळून गेलेलं दिसतं, संपलं. ८ ने अलगद टाकता येतं. ७ ने आणखी अलगद, पण दुपारी वाऱ्यात अडकाल. ८ ला सकाळही मिळते, दुपारही मिळते.

आणि लुइझियानाला बहुतेक जण गाइडच्याच बोटीने जातात. बुल रेडसाठी लागणारे जड रॉड तो स्वतः ठेवतो. वर्षातल्या त्या एका फेरीसाठी बाकीचे सगळे शनिवार जड रॉड कशाला फेकायचा?

उघाडीवरचा

जिताड्याचं मी सांगतो. मी अलिबागजवळ राहतो. खाडीत फ्लाय टाकणारे इकडे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, बाकी सगळे स्पिनिंगवाले किंवा पाग टाकणारे.

८ चालेल, पण फ्लोटिंग लाइनवर भरवसा ठेवू नका. आपलं पाणी गढूळ. शेपूट वगैरे काही दिसत नाही. जिताडा कुठे उभा असेल ते ओळखून टाकायचं. खारभूमीच्या बांधाला उघाडी (पाणी सोडायचं दार) असते, ओहोटीला आतलं पाणी तिथून जोरात बाहेर पडतं, आणि त्याबरोबर कोळंबी, बोयटाची पिल्लं वाहत येतात. जिताडा धारेच्या आत नसतो. धारेच्या कडेला, जिथे पाणी वळून शांत होतं तिथे तोंड धारेकडे करून उभा असतो. फ्लाय धारेत टाकायची आणि वाहत त्या कडेला येऊ द्यायची. फ्लोटिंग लाइन वरच्या वर वाहून जाते, फ्लाय खाली जातच नाही. इंटरमिजिएट, म्हणजे हळूहळू बुडणारी लाइन घ्या. रॉड तोच, लाइन बदलायची.

फ्लाय पांढरी किंवा पोपटी, २/० पर्यंत. लीडरच्या टोकाला ४० पौंडांचा फूट-दीड फूट जाड तुकडा बांधायचाच. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं धारदार असतं, उडी मारून डोकं झटकलं की बारीक दोरी कापली जाते. तिवरांजवळ तांबोशी लागली तर मात्र ताईंचंच खरं, ८ ला ती जड जाईल. तिच्या वाटेला जाऊ नका, मोकळ्या तोंडावर राहा.

आणि दिवस बघून या. उधाणाला पाणी इतकं गढूळ होतं की फ्लाय दिसणारच नाही. अष्टमीच्या आसपासचा भांग धरा, पाणी कमी हलतं, जरा निवळतं.

रेवदंडा_ते_ह्यूस्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. रॉडचं ठरलं, ८ वेट. आमच्या चौलच्या बाजूला उघाड्या आहेतच, त्या अशा नजरेने कधी पाहिल्या नव्हत्या.

दोनच शंका. ट्राउटसाठी वापरतो तसली चांगल्या कंपनीची, फक्त ८ वेटची लाइन चालेल ना? की खाऱ्या पाण्याची वेगळीच लागते? आणि दुकानात रॉड पारखायचा कसा? मला सगळे सारखेच वाटतात.

लगूना_काका

वेगळीच लागते. ट्राउटची लाइन थंड पाण्यासाठी बनवलेली असते. जुलैत गॅल्व्हस्टनच्या उन्हात ती मऊ पडते, चिकट होते आणि रॉडवरच्या कड्यांमधून सरकत नाही. उष्ण हवेसाठी कडक गाभ्याची लाइन मिळते, ती घ्या. वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढचा भाग (डोकं) जड असलेली, ते डोकं आखूड, रेडफिश किंवा बोनफिश असं खोक्यावर लिहिलेलं असतं. एक लक्षात ठेवा, खाऱ्या पाण्याच्या बऱ्याच लाइनी मुळातच नंबरापेक्षा अर्ध्या वेटने जड असतात. खोक्यावर ग्रेन वाचा. आधीच जड असलेली ८ ची लाइन सोडून कुणी ९ ची लावायला सांगितलं तर ऐकू नका, रॉडचा जीव जातो.

दुसरी लाइन लगेच नको. गावी जाण्याआधी रीलची एक जादा स्पूल (लाइन गुंडाळायची चकरी) आणि इंटरमिजिएट घ्या. उघाडीवाल्यांनी सांगितलं ते सोनं आहे. एक रॉड आणि दोन लाइनी असल्या की दोन्ही पाण्यांचं काम भागतं.

पारखायचं दुकानात नाही, बाहेर. ते लाइन लावून देतात, लाज वाटून घेऊ नका. वारा उजव्या खांद्यावर येईल असे उभे राहा, कारण फ्लाय तुमच्या अंगावर येते ती त्याच दिशेने. ३० फुटांवर टोपी ठेवा आणि एका फॉल्स कास्टमध्ये तिच्याशेजारी टाकून बघा. ज्या रॉडने हे सहज होतं, तो तुमचा. लांब फेकून बघू नका, मोह होतो. बुंध्याला फायटिंग बट (रीलखालची, पोटाला टेकवायची छोटी मूठ) आहे ना, रील सीट (रील बसवायची जागा) धातूची आहे ना, तेही बघा. लाकडी सीट दिसते देखणी, मिठात फुगते.

पाण्यात उतरल्यावर पहिल्या माशाला ट्राउटची सवय आड येते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मासा लागला की रॉड वर झटकायचा नाही. टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाइन सरळ मागे ओढायची, आणि हूक रुतल्यावर मगच रॉड उचलायचा. ओढतानाही रॉड उभा धरू नका, आडवा, बुंध्याच्या जोरावर. काठाशी मासा आल्यावर उभा रॉड टोकाशी मोडतो, तो प्रकार मी फार पाहिलाय. चालताना पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे. वाळूत पाकटं दडलेली असतात, पाय घासला की आधीच निघून जातात.

घरी आल्यावर रॉड, रील, लाइन सगळं गोड्या पाण्याने धुवा. रील सीटवरून काढूनच धुवायचं, मीठ त्याच्याखाली साठतं. नळाची जोरदार धार नको, ती मीठ ड्रॅगच्या आत ढकलते. पुसून पूर्ण वाळल्यावरच रॉड नळकांड्यात घाला. चार तुकड्यांचं नळकांडं मोठ्या बॅगेत तिरपं बसतं, विमानाला अडचण नाही.

उघाडीवरचा

डिसेंबरात आलात की इथे कळवा. चौलच्या बाजूची एक उघाडी दाखवतो, ओहोटी लागल्यावर पहिला तासभर तिथेच थांबायचं.